लोटे लेन्या आणि 'बर्लिनची कॅबरे-गायिका' ही उपाधी

लोटे लेन्या हिचा उल्लेख कोशांत आणि रंगभूमीच्या इतिहासांत बहुधा 'जर्मन कॅबरे-गायिका व नटी' असा केलेला आढळतो. या वर्णनातील प्रत्येक शब्द तपासून घेण्याजोगा आहे. जन्माने ती जर्मन नव्हती, व्हिएन्नाची होती. बर्लिनमध्ये तिला जी कीर्ती मिळाली ती कॅबरेत नव्हे, नाट्यगृहात मिळाली. शिक्षणाच्या रूढ अर्थाने पाहिले तर तिला गायिका म्हणणेही अवघड आहे; तिला स्वरलेखन वाचता येत नव्हते. असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायमार प्रजासत्ताकाच्या काळातील बर्लिन म्हटले की जगाच्या कानांत जो आवाज घुमू लागला तो तिचाच. हे कसे घडले, कोठे घडले आणि त्यात इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहण्याजोगे काय आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम 'कॅबरे' या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्याकडे हा शब्द हिंदी चित्रपटांच्या मार्गाने आला आणि हॉटेलातील उत्तान नृत्य एवढाच त्याचा अर्थ रूढ झाला. जर्मन परंपरेत या शब्दाचा एक वेगळाच अर्थ आहे. १९०१ च्या जानेवारीत एर्न्स्ट फोन वोल्त्सोगेन याने बर्लिनमध्ये 'युबरब्रेट्ल' सुरू केले, तेव्हा छोट्या रंगमंचावर कविता, उपरोधिक गीते आणि नकला यांचा मेळ घालणारा एक वाङ्मयीन प्रकार त्याच्या मनात होता. १९१८ च्या क्रांतीनंतर नाटकावरील पूर्वपरीक्षण उठले आणि या प्रकारास राजकीय धार आली. रोझा वालेटी हिचे 'कॅफे ग्योसनवान' १९२० मध्ये, ट्रूडे हेस्टरबेर्ग हिची 'विल्डे ब्यूने' १९२१ मध्ये सुरू झाली. दुसरीच्या मंचावर तरुण ब्रेख्ट स्वतः गिटार घेऊन गायला होता. ब्लांडीने एबिंगर, क्लेअर वाल्डोफ, कुर्ट गेरोन ही या क्षेत्रातील खरी मंडळी. १९२१ साली बर्लिनमध्ये आलेल्या लेन्याचे नाव या यादीत घालता येत नाही.

तिचे मूळ नाव कारोलीने विल्हेल्मीने शार्लोटे ब्लामाउअर. जन्म १८ ऑक्टोबर १८९८, व्हिएन्नाच्या पेनत्सिंग भागातील एका कष्टकरी कुटुंबात. बाप घोडागाडी हाकी, आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. बाप दारुडा होता आणि या मुलीवर त्याचा विशेष राग होता. पुढे तिच्या आवाजातील कठोरपणाचे मूळ समीक्षकांनी या बालपणात शोधले. असा शोध सोपा असतो, म्हणूनच तो जपून घ्यावा. १९१४ मध्ये ती झुरिकला आपल्या मावशीबरोबर गेली. तेथे तिने नृत्याचे शिक्षण घेतले, नगरनाट्यगृहात लहानसहान कामे केली, आणि रिखार्ड रेवी या दिग्दर्शकाच्या हाताखाली अभिनय शिकली. म्हणजे तिची पहिली विद्या नृत्याची, दुसरी अभिनयाची. संगीत तिच्या वाट्याला आले ते विवाहामुळे.

१९२४ मध्ये नाटककार गेओर्ग कायझर याच्या घरी तिची कुर्ट वाइल याच्याशी ओळख झाली आणि जानेवारी १९२६ मध्ये दोघांनी विवाह केला. वाइल हा देसाउ येथील यहुदी प्रार्थनामंदिरातील गायकाचा मुलगा, बुसोनीचा शिष्य, गंभीर संगीतरचनेचा अभ्यासक. लेन्याला स्वरलेखन वाचता येत नसले तरी श्रोते तिचे गाणे कारूसोचे ऐकावे तसे ऐकतात, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. पतीचे कौतुक म्हणून यातील काही भाग वजा केला, तरी त्याची दृष्टी त्यातून स्पष्ट होते. त्याला कमावलेला कंठ नको होता. शब्द ऐकू येईल, आणि तो शब्द उच्चारणारी व्यक्ती समोर उभी राहील, असा आवाज त्याला हवा होता. जुलै १९२७ मध्ये बाडेन-बाडेनच्या संगीतोत्सवात 'महागोनी'चे पहिले लघुरूप झाले. मुष्टियुद्धाच्या आखाड्यासारखा मंच उभारला होता, आणि शिक्षित गायकांच्या मेळ्यात लेन्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतील 'अलाबामा गीत' गात होती. नवसंगीताच्या श्रोत्यांस ते अनपेक्षित होते.

३१ ऑगस्ट १९२८ रोजी शिफबाउअरडाम नाट्यगृहात 'द्रायग्रोशनओपर' म्हणजे 'तीन पैशांचा ऑपेरा' रंगमंचावर आला. त्या रात्रीची हकीकत नाट्येतिहासांत एवढ्या वेळा सांगितली गेली आहे की येथे तिची पुनरुक्ती करीत नाही. आपल्या विषयाशी संबंधित गोष्टी तीन आहेत. पहिली, छापील कार्यक्रमपत्रिकेत लेन्याचे नाव चुकून गळले होते आणि त्यामुळे वाइल संतापला होता. दुसरी, या नाटकात कॅबरेतून आलेले कलावंत खरोखरच होते: रोझा वालेटी श्रीमती पीचमच्या भूमिकेत होती, केटे क्यूल लूसीच्या, आणि मॅकी मेसरची आरंभीची लावणीवजा कथा कुर्ट गेरोनने गायिली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आज लेन्याच्या नावाशी अभेद्यपणे जोडलेले 'चाचेजेनी'चे गीत त्या रात्री तिने गायिलेच नाही. मूळ नाटकात ते पॉली पीचम आपल्या लग्नाच्या प्रसंगी गाते आणि पॉलीची भूमिका रोमा बान हिची होती. लेन्या वेश्या जेनीच्या भूमिकेत होती, आणि ती भूमिका त्या वेळी फार मोठी नव्हती.

ते गीत जेनीकडे आले ते जी. व्ही. पाब्स्ट याच्या चित्रपटात, १९३१ मध्ये. त्यात पॉली झाली होती कारोला नेहर. १९२८ मध्ये हीच पॉली करावयाची होती, पण पती क्लाबुंड मृत्युशय्येवर असल्याने तिने भूमिका सोडली होती. म्हणजे नाटक हुकल्यावर तिला चित्रपट मिळाला, तो मिळाला तेव्हा त्यातील गाणे दुसरीकडे गेले. तिचे पुढे काय झाले हे येथेच सांगतो, कारण त्यावाचून लेन्याच्या कीर्तीचा हिशेब पुरा होत नाही. हिटलरच्या राजवटीपासून दूर जाण्यासाठी नेहर सोव्हिएत रशियात गेली. १९३६ मध्ये तिला तेथे अटक झाली आणि १९४२ मध्ये बंदिवासातच तिचा अंत झाला. कुर्ट गेरोन हॉलंडमध्ये पकडला गेला आणि १९४४ मध्ये आउश्वित्स येथे मारला गेला. रोझा वालेटी १९३७ मध्ये व्हिएन्नात वारली. एबिंगर अमेरिकेस गेली, पण तिचा तेथे जम बसला नाही व युद्धानंतर ती परतली. वाल्डोफ आणि हेस्टरबेर्ग जर्मनीतच राहिल्या. १९५० नंतर जेव्हा जगास 'त्या बर्लिन'ची आठवण हवीशी वाटू लागली, तेव्हा ती इंग्रजी बोलणाऱ्या जगापुढे मांडू शकेल असे फार थोडे कलावंत उरले होते. लेन्याच्या गुणांबद्दल शंका नाही. परंतु ज्या आसनावर ती बसली ते आसन रिकामे कसे झाले, हेही इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

निर्वासनाची वर्षे तिला सुखाची गेली नाहीत. मार्च १९३३ मध्ये वाइलने जर्मनी सोडली. दोघांचा संसार त्याआधीच विस्कटला होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात घटस्फोट झाला. तरीसुद्धा जूनमध्ये पॅरिसच्या शांझेलिझे नाट्यगृहात वाइल, ब्रेख्ट आणि बालांशीन यांच्या 'सात महापातके' या नृत्यनाट्यात ती गात होती. या कृतीत अॅना नावाच्या स्त्रीची दोन रूपे आहेत, एक गाणारी आणि एक नाचणारी. गाणारी लेन्या आणि नाचणारी टिली लोश. गाणे जर्मन भाषेत होते. निर्वासित जर्मन सोडले तर पॅरिसच्या प्रेक्षकांस ते फारसे रुचले नाही. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये इंग्रजी रूपात प्रयोग झाले, त्यांसही बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर १९३५ मध्ये ती वाइलबरोबर न्यूयॉर्कला उतरली, आणि जानेवारी १९३७ मध्ये दोघांनी पुन्हा विवाह केला. त्याच महिन्यात राइनहार्टने दिग्दर्शित केलेल्या 'अनंत मार्ग' या यहुदी इतिहासावरील भव्य नाटकात तिने मिरियमची भूमिका केली. बर्लिनमध्ये आपले नाव ती जर्मन 'ज' वर्णाने लिहीत असे. अमेरिकेत तेथे 'वाय' आला. उच्चार तोच राहिला, पण वाचणारा बदलला होता.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ल रुबां ब्ल्यू' या निशागृहात ती काही काळ गायिली. 'कॅबरे-गायिका' हे वर्णन शब्दशः लागू पडावे असा तिच्या आयुष्यातील हा एक प्रसंग, आणि तो बर्लिनमधला नाही. याकरिता तिच्यापाशी असलेल्या गीतांत एक खास तिच्यासाठी मार्क ब्लिट्झस्टाइन या तरुण अमेरिकन संगीतकाराने लिहिलेले होते. थोडेसेच इंग्रजी येणाऱ्या परदेशी स्त्रीचे ते गीत. या माणसाची गाठ आपणांस पुढे पुन्हा पडणार आहे. युद्धकाळात तिने जर्मनीकडे प्रक्षेपित होणाऱ्या प्रचार-कार्यक्रमांसाठी गायन केले. वाल्टर मेहरिंगच्या शब्दांवर वाइलने रचलेले 'आणखी किती काळ?' हे गीत त्यांपैकीच. १९४४ मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. मार्च १९४५ मध्ये वाइलने आग्रह धरून तिला 'फ्लॉरेन्सचा आगलाव्या' या संगीतिकेत सरदारणीची भूमिका दिली. टीकाकारांनी तिला झोडपले आणि ४३ प्रयोगांत खेळ आटोपला. तिने रंगभूमी सोडली. वाइल ब्रॉडवेवर यशामागून यश मिळवीत होता आणि ती न्यू सिटी गावातील घरी त्याची स्वरलेखने सांभाळीत होती. ३ एप्रिल १९५० रोजी पन्नासाव्या वर्षी वाइल वारला, तेव्हा लेन्याची कारकीर्द संपली असे कोणीही म्हटले असते.

येथून पुढे जे घडले त्यास पुनरुज्जीवन म्हणण्यापेक्षा नवनिर्मिती म्हणणे अधिक योग्य होईल. १९५१ मध्ये तिने जॉर्ज डेव्हिस या संपादकाशी विवाह केला. वाइलचे जर्मन संगीत अमेरिकेस ठाऊक नाही आणि ते ऐकविण्याचे काम तिनेच केले पाहिजे, हे त्याने तिच्या मनावर ठसविले. वस्तुस्थिती अशी की १९३३ मध्ये 'तीन पैशांचा ऑपेरा' ब्रॉडवेवर आणला गेला होता आणि १२ प्रयोगांत कोसळला होता. आता ब्लिट्झस्टाइनने त्याचे नवे इंग्रजी रूपांतर केले. १९५२ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठात बर्नस्टाइनच्या संचालनाखाली ते मैफलीच्या रूपात सादर झाले, आणि १० मार्च १९५४ रोजी ग्रेनिच व्हिलेजमधील 'थिएटर द लिस' या लहानशा नाट्यगृहात त्याचा प्रयोग सुरू झाला. नाट्यगृह आधीच दुसऱ्यांस दिलेले असल्याने ९६ प्रयोगांनंतर तो थांबवावा लागला. सप्टेंबर १९५५ मध्ये पुन्हा सुरू झाला तो १९६१ च्या डिसेंबरापर्यंत चालला; दोन्ही मिळून अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले. १९५६ मध्ये लेन्याला टोनी पारितोषिक मिळाले. ब्रॉडवेबाहेरच्या प्रयोगातील भूमिकेस ते मिळणे हा अपवाद होता.

या प्रयोगात 'चाचेजेनी'चे गीत लेन्याकडे होते. पॉलीच्या लग्नप्रसंगी दुसरे गीत घातले गेले. पाब्स्टने केलेला बदल येथे कायम झाला. १९२८ मध्ये ऐन तिशीच्या उंबरठ्यावरच्या नटीने केलेली जेनी आता पंचावन्न वर्षांची होती. जिच्या वाट्याला अपमान आणि वाट पाहणे एवढेच आले आहे अशी ही स्त्री सूडाचे स्वप्न गाऊ लागली की त्या स्वप्नाच्या मागे खरोखरीच घडून गेलेला संहार उभा राही. १९२८ च्या गाण्यात हा अर्थ असणे शक्यच नव्हते. तो १९५४ च्या प्रेक्षकाने आणि लेन्याच्या वयाने त्यात घातला. १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने 'मॅक द नाइफ' ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मॅकीच्या बळींच्या व प्रेयसींच्या यादीत त्याने लेन्याचेच नाव गुंफले. पात्रांच्या मेळ्यात नटीचे नाव कायमचे जाऊन बसले. जिचे नाव पहिल्या रात्रीच्या पत्रिकेतून गळले होते तिच्या बाबतीत हे घडावे, हा योग गमतीचाच म्हणावयाचा.

आता ध्वनिमुद्रिकांचा प्रश्न. पुराव्याच्या दृष्टीने तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९५५ मध्ये, वीस वर्षांनंतर, लेन्या जर्मनीत परतली. पूर्व बर्लिनमध्ये तिने ब्रेख्टची भेट घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात हँबुर्ग येथे वाइलच्या नाट्यगीतांची दीर्घ ध्वनिमुद्रिका केली. तिच्यामागून 'सात महापातके', 'महागोनी' आणि १९५८ मध्ये संपूर्ण 'तीन पैशांचा ऑपेरा' आला. जगाने बर्लिनचा अस्सल आवाज म्हणून जो मानला तो या चार वर्षांतील आहे: खर्जात उतरलेला, घोगरा, थकलेला आणि अत्यंत जाणता. परंतु १९२९ ते १९३१ या काळातील तिच्या तबकड्याही उपलब्ध आहेत. १९३० च्या डिसेंबरात केलेल्या मुद्रणात ती 'लुइस रुथ बँड'च्या साथीने गाते. त्या ऐकल्या की नवखा श्रोता चकित होतो. आवाज उंच पट्टीतला, पातळ, जवळजवळ बालिश आहे. त्यात घोगरेपणा नाही, कडवटपणाचा आव नाही. भयंकर शब्द एखाद्या शाळकरी मुलीने पाठ म्हणावा तशा निरागसपणे येतात, आणि त्यांची धार त्या निरागसतेतच आहे.

हा केवळ वयाचा फरक मानून सोडून देता येत नाही, कारण त्याचे परिणाम संहितेवर झाले. 'सात महापातके'चे गायन १९३३ मध्ये उंच आवाजासाठी लिहिले होते. १९५६ च्या मुद्रणासाठी संचालक ब्र्यूकनर-र्यूगेबेर्ग याने ते लेन्याच्या उतरलेल्या कंठास झेपावे म्हणून षड्जापासून मध्यमाइतक्या अंतराने खाली आणले. पुढे कितीतरी गायिकांनी हीच खालची पट्टी अनुसरली. तडजोड म्हणून केलेली गोष्ट परंपरा ठरली आणि कॅबरेचे गाणे असेच खरखरीत आवाजात गावयाचे असते, हा संकेत रूढ झाला. मराठी संगीत रंगभूमीच्या अभ्यासकास हा प्रश्न अपरिचित वाटू नये. तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकडीतील पद आणि 'वन्समोअर'च्या गजरात रात्रभर रंगणारे पद ही दोन वेगळी साधने आहेत, आणि कलावंताच्या उत्तरवयातील मुद्रणावरून त्याच्या ऐन उमेदीतील गायनाची कल्पना करणे धोक्याचे असते, हे आपल्याला माहीत आहे. मात्र येथे एक भेद आहे. लेन्याच्या बाबतीत जुन्या तबकड्या हाती असूनही जगाने उत्तरकालीन आवाजच प्रमाण मानला. पुरावा होता, त्याची मागणी नव्हती. श्रोत्यांस बर्लिनचा ऱ्हास त्या आवाजात ऐकावयाचा होता, आणि ज्या आवाजाला पुढे काय होणार हे ठाऊक नाही असा आवाज त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

तिच्या उर्वरित कारकिर्दीचा वेध थोडक्यात घेतो. १९५८ मध्ये बालांशीनने 'सात महापातके' न्यूयॉर्क सिटी बॅलेकडून पुन्हा उभे केले, तेव्हा पंचवीस वर्षांनंतर लेन्याच गात होती. 'रोमन स्प्रिंग ऑफ मिसेस स्टोन' या १९६१ च्या चित्रपटातील भूमिकेसाठी तिचे नाव ऑस्करकरिता सुचविले गेले. १९६३ च्या जेम्स बाँड चित्रपटातील विषारी बुटांची रोझा क्लेब ज्यांनी पाहिली त्यांपैकी बहुतेकांना ब्रेख्टचे नावही ठाऊक नसेल. १९६५ मध्ये रेक्लिंगहाउझेन येथे तिने 'मदर करेज' केली; जर्मन रंगभूमीवर तोवर हेलेने वायगेलची करेज प्रमाण झालेली होती, तिच्यापुढे लेन्याची टिकली नाही. मला या अपयशाचे महत्त्व वाटते. जर्मनीस तिची गरज अमेरिकेइतकी नव्हती.

२० नोव्हेंबर १९६६ रोजी ब्रॉडवेवर 'कॅबरे' ही संगीतिका आली. ख्रिस्टोफर इशरवुडच्या बर्लिनविषयक कथांवरून व्हॅन ड्रुटेनने नाटक लिहिले होते, आणि त्यावरून ही. संगीतकार जॉन कँडर, गीतकार फ्रेड एब, दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्स. हजाराहून अधिक प्रयोग झाले. लेन्याची भूमिका फ्राउलाइन श्नायडरची होती. खोल्या भाड्याने देऊन पोट भरणारी ही प्रौढ स्त्री एका यहुदी फळविक्याशी लग्न ठरविते आणि नात्झींच्या भीतीने मोडते. नाटकाचे नाव 'कॅबरे', आणि त्यात लेन्या 'किट कॅट क्लब'च्या मंचावर एकदाही गात नाही. तरीही प्रेक्षक तिच्याकडे अस्सलपणाची साक्ष म्हणूनच पाहत होते. शिवाय श्नायडर पळून जात नाही, विरोधही करीत नाही. ती राहते आणि जुळवून घेते. स्वतः निर्वासित झालेल्या नटीने, मागे राहिलेल्या लाखो सामान्य जर्मनांची ही बाजू तिचे समर्थन न करता आणि तिला धिक्कारही न करता उभी करावी, ही गोष्ट माझ्या मते तिच्या अभिनयाची खरी कसोटी होती. तिच्या गायनावर पुष्कळ लिहिले गेले आहे; या भूमिकेचा अभ्यास त्या मानाने कमी झाला आहे.

पुढील पिढ्यांत गिझेला माय हिने पूर्व जर्मनीत, आणि १९६३ मध्ये म्युन्स्टर येथे जन्मलेल्या ऊटे लेंपर हिने पश्चिमेकडून, ही गीते जगभर नेली. लेंपरची आंतरराष्ट्रीय कीर्ती पॅरिसमधल्या 'कॅबरे'च्या प्रयोगाने आणि १९८८ च्या वाइल-ध्वनिमुद्रिकेने झाली, आणि न्यूयॉर्क हे तिचे कर्मस्थान ठरले. लेन्याने आखलेला हाच मार्ग होता. मराठीत हे नाटक १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' या नावाने आले. रूपांतर पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे आणि प्रयोग पुण्याच्या थिएटर अकॅडमीचा. तमाशाच्या घाटात ते बसविताना आपल्या कलावंतांपुढे लेन्याचा खर्ज हा आदर्श नव्हता. शब्द आणि सूर यांच्या ताणातून उपरोध साधण्याची वेगळी, घरची सामग्री येथे उपलब्ध होती.

अखेरच्या वर्षांतील एक प्रसंग वर चर्चिलेल्या प्रश्नाशी जुळणारा आहे. १९७९ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराने 'महागोनी' केले. त्यात जेनीची भूमिका टेरेसा स्ट्राटास या गायिकेची होती, आणि तिचा आवाज ऑपेराच्या शिक्षणात घडलेला उंच आवाज होता. लेन्याने तिचे गाणे ऐकले आणि वाइलची आजवर अप्रकाशित राहिलेली गीते स्वतः जपून ठेवलेल्या संग्रहातून काढून तिच्या स्वाधीन केली. ती १९८१ मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आली. युद्धकाळात लेन्याने गायिलेले 'आणखी किती काळ?' त्यांत आहे. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी न्यूयॉर्क येथे लेन्याचे निधन झाले, आणि हॅव्हरस्ट्रॉच्या दफनभूमीत वाइलच्या शेजारी तिला पुरण्यात आले.